पृथ्वीचे चुंबकत्व आणि माणसाचे मन



बाहेरच्या फलकावर आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींची अशी समजूत झाली असेल की, हा गृहस्थ एकतर ज्योतिषी असावा किंवा चुंबकाचे पट्टे विकणारा तरी असावा. मी या दोहोंपैकी कोणीच नाही. तीस-बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आणि आता घरी बसून आहे. मनाच्या रोगांचा मी वैद्य नव्हे. त्या बाबतीत जे सांगेन ते त्या शास्त्रातील जाणत्यांनी छापून ठेवले आहे तेवढेच. असे असता हा विषय मी का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे. कारण त्यात माझा एक जुना अपराध गुंतलेला आहे.

२०२४ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेला रात्री पृथ्वीवर एक मोठे चुंबकीय वादळ आले. लडाखात हान्ले येथील वेधशाळेवरून आकाश तांबडे झालेले दिसले, त्याची चित्रे पुढे वर्तमानपत्रांतून आली. ती आपण पाहिली असतील. ती आली त्याच दिवशी सकाळी माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. म्हणाला, "अरे, परवा रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या त्या वादळामुळेच का रे?" प्रश्न साधा होता; पण विचारणारा साधा नव्हता. वीस-बावीस वर्षांपूर्वी हाच दादा मनाने पार खचला होता. हिशेबात कधी पैची चूक न करणारा माणूस कचेरीतून परत येऊन अंधारात बसू लागला. जेवण तुटले, झोप तुटली. पहाटे तीनला उठून गॅलरीत उभा राहायचा, आणि वहिनी दाराआड जागी बसायची.

नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांनी घरी येऊन पाहणी केली आणि निदान केले की, खाटेचे डोके उत्तरेकडे आहे. रक्तातले लोह आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा झगडा होतो आणि मेंदू शिणतो. खाट फिरवली. मग मनगटाला चुंबकाचा पट्टा आला. मग चुंबकावर रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी अनशापोटी. या प्रकारात आठ महिने गेले. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. दर रविवारी जाऊन हे पाहात होतो आणि गप्प बसत होतो. "अपाय तर काही नाही ना, मग वडीलधाऱ्यांचा शब्द कशाला मोडा," असे मी स्वतःला सांगत होतो. अपाय होता. तो पट्ट्यात नव्हता, त्या आठ महिन्यांत होता. शेवटी वहिनीनेच एक दिवस कोणाला न विचारता त्याला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेले. औषधे सुरू झाली, आणि पावसाळा संपता संपता दादा कचेरीत जाऊ लागला.

तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी वीस वर्षे उशिरा देत आहे. ते देताना एक पथ्य मात्र पाळायचे ठरवले आहे. चुंबकाचे पाणी खोटे ठरले म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाचा मनाशी काहीच संबंध नाही, असे म्हणून मोकळे व्हायचे नाही. प्रश्न खरा आहे, आणि चांगल्या चांगल्या लोकांनी त्यात वर्षे घातली आहेत.

प्रथम हे चुंबकत्व म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या लोखंडाचा एक समुद्र सतत ढवळला जात आहे. त्या हालचालीतून विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. या बळाच्या मापाला नॅनोटेस्ला म्हणतात. शब्द अवघड वाटत असेल तर आज संध्याकाळपुरते आपण त्याला रुपये समजू. अलिबागेस पृथ्वीची ही पुंजी सुमारे ४३,००० रुपये भरते. दिवसा सूर्य तापला की वातावरणाच्या वरच्या थरात प्रवाह वाहू लागतात, आणि त्यामुळे दुपारपर्यंत या पुंजीत चाळीस-पन्नास रुपयांची हालचाल होते. ही रोजची. आता सूर्यावर एखादा स्फोट झाला आणि तेथून उडालेला विद्युत्‌भारित वायू पृथ्वीवर येऊन आदळला, तर काही तास किंवा एक-दोन दिवस शे-दोनशे रुपयांची उलथापालथ होते. याला चुंबकीय वादळ म्हणायचे. २०२४ च्या मे महिन्यातले वादळ सुमारे चारशेच्या घरात गेले. ते वीस वर्षांतले सर्वांत मोठे होते.

याहूनही मोठे वादळ आपल्या मुंबईने टिपून ठेवलेले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजणी सुरू झाली. १८५९ सालच्या सप्टेंबरच्या १ तारखेला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा ज्योतिर्विद दुर्बिणीतून सूर्याचे डाग रेखाटीत बसला असता त्याला त्या डागांपाशी एकाएकी पांढरा झगझगाट दिसला. पुढे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ येऊन थडकले. अमेरिकेत तारायंत्राच्या लोकांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या विजेवरच एकमेकांना संदेश पाठवले. कुलाब्यास त्या वेळी आपोआप नोंद करणारे यंत्र नव्हते. माणूस डोळा लावून सुईचा आकडा वाचून वहीत लिहीत असे, आणि सुई बेचैन झाली की तो अधिक वारंवार वाची. त्या वहीतला आकडा सुमारे १,६०० रुपयांची घट दाखवतो. जगात इतरत्र सुया मापाच्या बाहेर गेल्या किंवा नोंदी तुटल्या, म्हणून आजही त्या वादळाची मोजदाद करायची झाली तर शास्त्रज्ञ कुलाब्याची वही उघडतात. ज्या कोणा नोकरमाणसाने त्या दिवशी सुईवरून डोळा हलवला नाही, त्याच्याविषयी मला नेहमी आदर वाटतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. ट्रामच्या रुळांतून जमिनीत पसरणाऱ्या विजेने कुलाब्याच्या सुया बिघडणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागेस हलवला. १९०४ साली तेथे काम सुरू झाले, आणि जुने मोजमाप नव्याशी जुळवून घेता यावे म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या. अलिबागेची इमारत लोखंडाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडाची आहे. हा ट्रामचा किस्सा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मनाकडे येऊ. सूर्य आणि माणसाचे मन यांची सांगड आधुनिक काळात धिटाईने कोणी घातली असेल तर ती अलेक्झांडर चिझेव्हस्की या रशियन पंडिताने. १९२४ साली कालुगा या गावी त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ७२ देशांचा, ख्रिस्तपूर्व ५०० पासूनचा, इतिहास तपासून त्याने असे मांडले की, सूर्यावर डागांची गर्दी होते त्या वर्षांत जनसमूह खवळतात, युद्धे आणि क्रांत्या होतात. १९०५ आणि १९१७ ही दोन्ही साले डागांच्या भराची होती, त्यामुळे रशियात हे म्हणणे पटण्यासारखे होते. पण क्रांती जर सूर्य घडवतो तर कार्ल मार्क्सचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. १९४२ त या गृहस्थांना अटक झाली आणि त्यांची आठ वर्षे छावण्यांत गेली. मी सहज आपल्याकडचा पडताळा घेऊन पाहिला. १९४७ हे साल डागांच्या अगदी ऐन भराचे. येथवर चिझेव्हस्कीसाहेब खूश होतील. पण १८५७ त सूर्य नुकताच ओहोटीतून वर येत होता, आणि १९४२ साली, आपल्याकडे 'चले जाव'ची हाक उठली तेव्हा, तो पुन्हा ओहोटीला लागलेला होता. ऑगस्ट क्रांतिमैदानावर जमलेल्यांना सूर्याची परवानगी लागली नाही.

इतिहास सोडून रुग्णालयाच्या दप्तरांकडे वळले म्हणजे पाय जरा घट्ट जमिनीवर येतात. १९६३ साली फ्रीडमन, बेकर आणि बाकमन या तिघांनी लंडनच्या 'नेचर' या पत्रात एक लेख लिहिला. फ्रीडमन मानसशास्त्रज्ञ, बेकर हाडांचे शल्यविशारद आणि बाकमन पदार्थवैज्ञानिक. न्यूयॉर्क राज्यातील आठ मनोरुग्णालयांत चार वर्षांत दाखल झालेल्या २८,६४२ रुग्णांच्या तारखा त्यांनी ६७ चुंबकीय वादळांशी ताडून पाहिल्या, आणि वादळे व रुग्णांची आवक यांत संबंध दिसतो असे म्हटले. या लेखाने बरीच खळबळ उडाली. तीनच वर्षांनी, १९६६ त, टेक्ससमध्ये पोकॉर्नी आणि मेफर्ड यांनी हीच तपासणी आपल्या बाजूने करून पाहिली. त्यांना असा काही संबंध आढळला नाही.

पुढे १९९४ साली रोनाल्ड के या डॉक्टरांनी स्कॉटलंडातील दहा वर्षांच्या नोंदी काढल्या. त्यांना असे दिसले की, मोठ्या वादळानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात विषण्णतेच्या तीव्र विकाराने, म्हणजे उन्माद आणि विषाद यांचे फेरे येतात त्या रोगातील विषादाच्या फेऱ्याने, दाखल होणाऱ्या पुरुषांची संख्या ३६.२ टक्क्यांनी वाढते. आकडा दचकवणारा आहे. मग २००६ साली ऑस्ट्रेलियात बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते २००२ या काळातील आत्महत्यांच्या नोंदी पाहिल्या. त्यांना वादळांशी संबंध दिसला तो स्त्रियांच्या बाबतीत, तोही शरद ऋतूपुरता. पुरुषांत काही नाही.

येथे क्षणभर थांबू. स्कॉटलंडात पुरुष, ऑस्ट्रेलियात स्त्रिया. एके ठिकाणी दुसरा आठवडा, दुसऱ्या ठिकाणी एकच ऋतू. न्यूयॉर्कला होय, टेक्ससला नाही. आपल्या जत्रेतला कुडमुड्या जोशी काय करतो? "तुमच्या घरात कोणीतरी आजारी असेल; नसेल तर शेजारी असेल; नसेल तर होऊन गेले असेल." पुष्कळ खण असलेले कपाट उघडीत गेले की कोणत्या ना कोणत्या खणात काहीतरी सापडतेच. मी या संशोधकांना जोशी म्हणत नाही, ते प्रामाणिक लोक आहेत. पण पहिला आठवडा, दुसरा आठवडा, पुरुष, स्त्रिया, चार ऋतू, पाच विकार असे पन्नास खण तपासले तर दोन-तीन खणांत निव्वळ योगायोगाने बोळा निघणार, हे गणित त्यांनाही चुकत नाही. म्हणूनच शास्त्रात एकदा सापडलेले दुसऱ्याने, दुसऱ्या गावी, त्याच खणात शोधून दाखवावे लागते. ते आजवर घडलेले नाही.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. चुंबकीय वादळे वर्षभर सारखी येत नाहीत. दिवस आणि रात्र समान होण्याच्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, ती अधिक येतात. सूर्याच्या तुलनेत पृथ्वीचा कल त्या वेळी वादळाला सोयीचा असतो. आणि इकडे थंड देशांत ऋतू पालटताना मनाचे विकारही उसळतात. वसंतात आत्महत्या वाढतात हे युरोपात शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. त्याला उजेड कारण असेल, झोप असेल, आणखी काही असेल. पण दोन घड्याळे एकाच वेळी ठोके देतात म्हणून एकाचा काटा दुसरे फिरवते असे होत नाही. मृगाचा पाऊस पडला की छत्र्यांचा खप वाढतो आणि बेडूकही ओरडू लागतात; छत्रीवाल्याने बेडूक पाळण्यात अर्थ नाही.

आता माझ्या शास्त्राकडे येतो. रक्तातले लोह चुंबकाला चिकटते ही समजूत इतकी पक्की आहे की, शिकलेले लोकही ती बोलून दाखवतात. मिठात सोडियम असतो. शुद्ध सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. म्हणून आमटीत मीठ घालताना कोणी दूर पळते काय? संयुगात गेला की पदार्थाचा स्वभाव बदलतो. रक्तातले लोह हे लोखंडाच्या किसासारखे मोकळे नसते. त्याचा एकेक अणू निराळा, एका मोठ्या रेणूच्या कुशीत बांधलेला असतो. रुग्णालयात एम. आर. आय. नावाचे यंत्र असते. त्याच्या बोगद्यात माणसाला अर्धा-पाऊण तास निजवतात. तेथले चुंबकत्व साधारणतः दीडशे कोटी रुपयांचे असते, म्हणजे अलिबागेच्या सुमारे पस्तीस हजारपट. त्यात डोके घालून माणूस बाहेर येतो आणि यंत्राच्या ठकठकीने कान किटले अशी तक्रार करतो. रक्ताची तक्रार नसते.

यावर कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप योग्य आहे, की यंत्रातले चुंबकत्व स्थिर असते आणि वादळातले हलते. मेंदूला हलण्याचा त्रास होत असेल. बरे, तसेही पाहू. चुंबकत्व वेगाने हलवून मेंदूला डिवचता येते, हे १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी दाखवले. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यात क्षणभर वीज सोडली की मेंदूत प्रवाह निघतो आणि बोट आपोआप हलते. याच रीतीने विषण्णतेवर उपचारही होऊ लागले. अमेरिकेत २००८ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे चुंबकाने मन बदलता येते! हे ऐकून पट्टेवाल्यांनी टाळ्या वाजवण्याआधी हिशेब करावा. त्या वेटोळ्यात दीडशे कोटींच्या आसपासची उडी सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्श्यात घेतली जाते. अति मोठ्या वादळातसुद्धा मिनिटाला हजार रुपयांची हालचाल म्हणजे डोक्यावरून पाणी. या दोन वेगांत सुमारे एक लाख कोटी पटींचा फरक आहे. समुद्राच्या लाटेने नाव उलटते हे खरे. म्हणून चहाच्या पेल्यात फुंकर मारल्याने ती उलटेल असे म्हणवत नाही.

आणि आपल्या रोजच्या जगण्यात काय चालते? मुंबईहून रात्रीच्या गाडीने दिल्लीस जाणारा उतारू झोपेत चार-पाच हजार रुपयांनी श्रीमंत होतो. कारण उत्तरेकडे हे बळ वाढत जाते. २०२४ च्या वादळाच्या दसपट फरक त्याने एका रात्रीत पचवलेला असतो. ट्रामची गोष्ट मी ध्यानात ठेवा म्हटले होते. अलिबागेची सुई जी वादळे टिपते ती मुंबईच्या विजेच्या गाड्यांत बसलेल्या माणसाला कळणेही शक्य नाही; त्याच्या पायाखालच्या यंत्रांतून त्याहून मोठी उलथापालथ दर मिनिटाला चाललेली असते. चुंबकत्व हलल्याने वेड लागत असते तर लोकलने जाणारे सारेच... पण मुंबईकर श्रोते असतील, तेव्हा वाक्य पुरे करीत नाही.

मग सगळेच थोतांड म्हणून निकालात काढायचे काय? मला तसे वाटत नाही. ज्या प्राणिसृष्टीत आपण जन्मलो तिला चुंबकत्व कळते, हे आता वादातीत आहे. जर्मनीत फ्रँकफुर्टला १९६० नंतरच्या दशकात व्होल्फगांग व्हिल्चको यांनी रॉबिन नावाचे चिमुकले पक्षी पिंजऱ्यात ठेवून भोवतीचे चुंबकत्व फिरवले, तर स्थलांतराच्या दिवसांत त्या पक्ष्यांची उडण्याची दिशाही त्याबरोबर फिरली. १९७५ साली ब्लेकमोर यांनी चिखलातले असे जंतू वर्णिले की ज्यांच्या पोटात चुंबकाच्या कणांची माळच असते. १९९२ साली कॅलिफोर्नियात जोसेफ कर्शव्हिंक यांना माणसाच्या मेंदूतही असले कण आढळले. मात्र २०१६ साली इंग्रज शास्त्रज्ञांनी मेंदूतले काही कण तपासले, तर त्यांतले पुष्कळसे वाटोळे, भट्टीतून निघाल्यासारखे दिसले. म्हणजे ते शहरातल्या धुरातून नाकावाटे आत गेलेले असावेत. देवाने दिलेले होकायंत्र म्हणून ज्याचे कौतुक केले, त्यातला काही भाग मोटारींची काजळी निघाला.

पण कर्शव्हिंक यांनी हार मानली नाही. २०१९ साली त्यांनी एका बंदिस्त, अंधाऱ्या खोलीत तीस-पस्तीस माणसांना एकेक करून बसवले आणि भोवती पृथ्वीइतकेच चुंबकत्व कृत्रिम रीतीने निर्माण करून त्याची दिशा गुपचूप फिरवली. बसलेल्याला काही कळले नाही. मात्र त्याच्या डोक्याला जोडलेल्या तारांवर, मेंदूच्या ज्या लहरी स्वस्थ बसले असता उठतात त्या काहींच्या बाबतीत चटकन मंदावल्या. माणसाला न कळता त्याच्या मेंदूला काहीतरी कळते, असा याचा अर्थ. दुसऱ्या प्रयोगशाळांतून हे पक्के व्हायला हवे. झाले तरी मेंदूला कळणे वेगळे आणि मन बिघडणे वेगळे. दारावर कोणी टकटक केली तरी मेंदूला कळतेच.

मला यांपैकी सर्वांत विचार करायला लावणारा पुरावा वाटतो तो झोपेच्या बाजूचा. म्युनिकजवळ आंडेक्स येथे १९६४ पासून आशॉफ आणि वेव्हर यांनी जमिनीखाली दोन खोल्या बांधून त्यांत माणसांना आठवडेच्या आठवडे, घड्याळ नाही, ऊन नाही, अशा स्थितीत ठेवले. घड्याळावाचून माणसाचा आपला दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा होतो. दोहोंपैकी एका खोलीला बाहेरचे विद्युत्‌ आणि चुंबकीय बळ अडवणारे आवरण होते. त्या खोलीतल्यांचा दिवस आणखी काही मिनिटांनी लांबला आणि त्यांच्या शरीराच्या तालांची एकमेकांशी फारकत होण्याचे प्रमाणही अधिक दिसले. पुढे अमेरिकेत वीजकंपनीच्या कामगारांवर केलेल्या तपासणीत, वादळी दिवसांत रात्रीच्या झोपेशी संबंध असलेले मेलॅटोनिन नावाचे द्रव्य कमी पडते, असे दिसून आले. ही साखळी जुळली तर म्हणता येईल की, वादळाने झोपेचा ताल किंचित ढळतो, आणि ज्याचे मन आधीच काठावर आहे त्याला तेवढा धक्का पुरतो. उन्माद-विषादाच्या रोग्याला एक रात्र झोप मोडली तरी महागात पडते, हे डॉक्टर जाणतात. साखळी सुसंगत आहे. तिची प्रत्येक कडी कच्ची आहे. आणि जरी ती पक्की निघाली तरी तिचा जोर उत्तरेकडच्या देशांत, नॉर्वे-स्कॉटलंडात. विषुववृत्ताजवळ आपल्याकडे वादळाचा खळखळाट पुष्कळ मंद असतो.

मनाच्या बाजूने एक मोठे बळ मात्र यात सतत काम करते, आणि ते चुंबकाचे नव्हे. अठराव्या शतकात मेस्मर नावाच्या वैद्याने पॅरिसात धुमाकूळ घातला होता. प्राण्यांच्या देहात एक चुंबकीय द्रव वाहतो, तो आपण हातवाऱ्यांनी वळवतो, असे त्याचे म्हणणे; आणि थोरामोठ्यांच्या बायका त्याच्या खोलीत मूर्च्छित पडत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए होता, आणि अमेरिकेचे वकील म्हणून तेथे असलेले वृद्ध बेंजामिन फ्रँक्लिनही. फ्रँक्लिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड 'भारून' दिले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणले आणि एकामागून एक झाडांना मिठी मारायला लावली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, पुढे पुढे डोके जड झाले, आणि चौथ्या झाडापाशी पोरगा बेशुद्ध पडला. ती चारही झाडे कोरी होती. भारलेले झाड दूरच राहिले. पोरगा लबाड नव्हता. त्याची मूर्च्छा खरी होती. द्रव मात्र खोटा होता.

अलीकडची गोष्टही अशीच. कॅनडात पर्सिंजर या मानसशास्त्रज्ञाने डोक्यावर क्षीण चुंबकत्व सोडणारे शिरस्त्राण बनवले; ते घालून बसलेल्या पुष्कळांना खोलीत कोणी अदृश्य व्यक्ती असल्याचा भास होई. २००५ साली स्वीडनमध्ये ग्रांक्विस्ट यांनी तसलेच शिरस्त्राण लावून प्रयोग केला, पण यंत्र चालू आहे की बंद हे ना बसणाऱ्याला ठाऊक ना बसवणाऱ्याला. भास तेव्हाही झाले, चालू असता झाले आणि बंद असताही झाले. ज्यांचा स्वभाव दुसऱ्याचे सांगणे चटकन मनावर घेण्याचा, त्यांना ते अधिक झाले. पर्सिंजर यांना ही तपासणी मान्य नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

उत्तरेकडे डोके करून निजू नये, असे आमची आजीही सांगत असे. ती त्याचा संबंध यमाशी लावी. आम्ही शिकलो, आणि यमाच्या जागी लोहचुंबक बसवले. मला विचाराल तर आजीचा यम पुष्कळ बरा. तो डॉक्टरांकडे जाऊ नका असे कधी म्हणाला नाही. आपल्या घरात कोणी पंधरा दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात काही राम नाही असे बोलू लागले असेल, तर खाट कोणत्या दिशेला आहे हे पाहू नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तोवर त्याला एकटे सोडू नका. हे सांगण्याचा अधिकार मला शास्त्राने दिलेला नाही, त्या आठ महिन्यांनी दिला आहे.

आता दादाचे उत्तर राहिले. आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी त्याला रोजची झोप लिहून ठेवायला सांगितले होते. हिशेबी माणूस, त्याने वीस वर्षे ती वही सोडलेली नाही. त्याच्या फोननंतर मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो, सोबत जुन्या मोठ्या वादळांच्या तारखा नेल्या, आणि आम्ही दोघे म्हातारे दोन दिवस वह्या घेऊन बसलो. वाईट रात्री सापडल्या. त्या मुलीच्या लग्नाच्या आसपास होत्या, वहिनीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी होत्या, आणि एकदा शेजाऱ्यांनी घराचे काम काढले तेव्हाच्या होत्या. २००३ सालच्या ऑक्टोबरात फार मोठे वादळ झाले, त्या रात्रीपुढे दादाने लिहिले होते, "उत्तम." एका माणसाची वही म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी त्याला सांगितले, आणि त्यालाही ते कळत होते. पण तो अडून बसला. "मग १० तारखेला रात्री काय झाले? त्या रात्री तर वादळ होते ना? साडेदहाला सुरू झाले म्हणतोस, आणि मी अकरापासून जागा!"

वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "भावजी, १० तारखेला अक्षय्यतृतीया होती. ह्यांनी रात्रीच्या जेवणाला पाच वाट्या आमरस घेतला. तो त्या वहीत लिहिलाय का बघा."

लिहिलेला नव्हता.